एकोणीस बाईट

सुमेध,

तुला जाऊन तेवीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. लोक येतात, तुझ्या खुर्चीकडं बघतात, माझ्याकडं बघतात आणि हळू आवाजात बोलतात. त्यांना वाटतं, शरयू रडून रडून गप्प झाली. गप्प कसली, मी भांडतेय. अकरा वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडलो आपण, आणि तू एका दुपारी, चहा यायच्या आधी, छातीला हात लावून मधेच उठून गेलास. भांडण अर्धं टाकून असं जातात होय कुणी?

भांडण कशाचं होतं ते सांगितलं तर कुणालाही हसू येईल. तुझ्या नावाचं. तू लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये तुझं नाव घालायचं की नाही, एवढंच. मी म्हणायची घाल, तू म्हणायचास जागा न्हाय. त्याचा निकाल लावायचाच म्हणून हे लिहायला बसलेय. ऐकून घे. आता मधे बोलता येणार नाही तुला, हा एक फायदा झाला माझा.

उद्यमनगरातला आपला पहिला गाळा आठवतो ना? एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला बोअरिंगवाला, आणि मधे आपण दोघं एका पत्र्याखाली. नोकऱ्या सोडून आलेलो. काम एकच धरलं होतं: गावागावातल्या दूध संस्थांसाठी एक छोटी पेटी करायची. शेतकऱ्यानं किटली आणली, सभासद नंबर सांगितला, की काट्यावरून वजन आणि टेस्टरवरून फॅट थेट पेटीत जायची आणि चिठ्ठी छापून यायची. मोठा कॉम्प्युटर तिथं चालणार नव्हता. धूळ, दमट हवा, वर उंदीर. म्हणून हार्डडिस्क नाही, पंखा नाही, तळहाताएवढा बोर्ड, आणि त्यावर दोन मेगाबाईटची एक चिप. सगळा संसार त्या चिपेत मांडायचा.

आणि तो मावेना. लिनक्स घ्यायची हे ठरलेलं, पण तिच्यात फाईल कॉपी करायची कमांड वेगळी, यादी दाखवायची वेगळी, शोधायची वेगळी. प्रत्येक कमांड म्हणजे स्वतंत्र प्रोग्रॅम, आणि प्रत्येकाचं स्वतःचं बिऱ्हाड. मी म्हटलं मोठी चिप घेऊ. तू म्हणालास पेटी महाग होईल, गावाला परवडणार नाही. तू दोन दिवस गावाकडं गेलास. तिसऱ्या दिवशी गावाकडून आलास तो हसतच.

घरी आक्का, म्हणजे तुझी आई, स्वयंपाकाला बसली होती. तिनं विळीवर वांगी चिरली, मग त्याच विळीच्या टोकावर नारळ खवला, मग कोथिंबीर बारीक केली. तू म्हणालास, "आई किती हत्यारं ठेवती घरात? एक. जसा हात फिरवल तसं काम." आणि तू तसाच एक प्रोग्रॅम लिहिलास. एकच, पण त्याच्या पोटात सगळ्या कमांडा. ज्या नावानं हाक माराल ते काम करणारा. जी गोष्ट सगळ्यांना लागते ती आत एकदाच लिहिलेली. नावही तेच ठेवलंस, विळी. जगात आणखी काही लोक तेव्हा याच वाटेनं चालले होते, हे आपल्याला पुढं इंटरनेटवर कळलं. पण तू कुणाचं बघून केलं नव्हतंस. तू वांगी चिरताना बघून केलं होतंस, आणि हे मी आजही छाती फुगवून सांगते.

बाईट वाचवायचा तुझा हावरटपणा मी दुसऱ्या कुणात बघितला नाही. एरवी स्वतःच्या ताटातली भाकरी दुसऱ्याला देणारा माणूस, पण कोडमध्ये अर्धा बाईट सांडला तर जेवायचा नाही. काही चुकलं की पडद्यावर येणारे निरोप तू इतके तोडलेस की ते पोस्टाच्या तारेसारखे झाले. मी म्हटलं, माणसाला कळायला नको का काय चुकलंय? तू म्हणालास, चुकलंय एवढं कळलं की बास, माणूस शाणा असतोय.

मग तू ते सगळं फुकट वाटून टाकलंस. राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत फ्लॉपी घेऊन गेलास आणि विळीचा सगळा कोड इंटरनेटवर उघडा ठेवून आलास, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा, बदलावा, वापरावा म्हणून. मी तुला काय काय बोलले त्या दिवशी! आपण काय अन्नछत्र उघडलंय का, असंही म्हणाले. तू फ्लॉपी खिशात ठेवत म्हणालास,

"आपण शिकलो ते दुसऱ्याचंच वाचून की. त्यांनी दार उघडं ठेवलं म्हणून आत गेलो. आता आत आलो म्हणून दार लावून घ्यायचं व्हय?"

मी कॅफेचं बिल खर्चाच्या वहीत लिहून टाकलं.

चार महिन्यांनी एक मेल आली. ज्या देशातून आली तो आपण लेथवाल्याच्या पोराच्या नकाशात शोधला. तिथल्या कुणीतरी नदीचं पाणी मोजायच्या यंत्रात तुझी विळी बसवली होती. त्यानं विचारलं होतं, यात लेखकाचं नाव कुठंच सापडत नाही, आभार कुणाचे मानू? तू एक ओळ उत्तर पाठवलंस, आभार कोल्हापूरचे माना. मी हसले खरी, पण त्याच दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, पेटी चालू होते तेव्हा पडद्यावर दोन सेकंद तुझं नाव येऊ दे. तू बोटांवर मोजलंस. इंग्रजीत सुमेध बापू कांबळे, मोकळ्या जागा धरून अठरा अक्षरं, नाव संपलं हे मशीनला सांगणारं शेवटचं शून्य धरून एकोणीस बाईट. चिपेत शिल्लक किती? अकरा.

"नुसतं सुमेध बसतंय," तू म्हणालास. "पण बापाचं नाव गाळून मी नाव घालणार न्हाय. जागा हुईल तवा बघू."

जागा झाली की तू त्यात काहीतरी नवं कोंबायचास. जागा कधी झालीच नाही.

आणि त्या अकरा बाईटांच्या तंगीत माझीही एक कमांड ठाण मांडून बसली होती, ते मी विसरलेले नाही. तो किस्सा सांगते, कारण त्यात माझी फजिती आहे आणि तू तो दर पाहुण्याला मीठमसाला लावून सांगायचास.

पहिली पेटी आपण कागलजवळच्या एका गावात बसवली. मी इंजिनिअर बाई. सुंदर अक्षरात 'यंत्र बंद करण्याची पद्धत' असा कागद लिहिला, सात पायऱ्यांचा, आणि भिंतीवर चिकटवला. आधी बंद करायची कमांड द्यायची, मग थांबायचं, मग निरोप आला की बटण. संध्याकाळचं दूध झालं, आपण खुशीत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं. पेटी मेली होती. बाहेर गल्लीच्या तोंडापर्यंत रांग, प्रत्येकाच्या हातात किटली, ऊन वर येतंय, आणि सगळी माणसं आपल्याकडं बघतायत. संस्थेचे सचिव तानाजीमामा. मी त्यांना विचारलं, मामा, कागद वाचला नाही का?

"वाचला की," मामा म्हणाले. "पण दुधाची गाडी गेली की मेन वढायचा, ही संस्थेची चाळीस वर्साची रीत हाय, बाई. तुमचं मशीन काल आलंय."

कॅन गाडीत चढले की मेन स्विच ओढायचा आणि दाराला कुलूप घालायचं. दिवा जळत राहायला नको, करंट राहायला नको. साऱ्या गावांत हीच रीत, आणि आपण दोघंही खेड्यातलेच, दोघांच्याही घरी म्हशी, तरी दोघांपैकी एकालाही ते आठवलं नाही. मेन ओढला तेव्हा पेटी नोंद लिहीत होती. अर्धी नोंद चिपेत राहिली आणि बाकीचं सगळं तिच्यापायी बिघडलं. त्या दिवशी आपण वहीत हातानं दूध लिहून घेतलं. परत येताना मी एमएटी मोपेडवर तुझ्या मागं बसून तणतणत होते, मामांना नीट शिकवलं पाहिजे म्हणून. तू गाडी थांबवलीस आणि मागं वळलास.

"मामाला न्हाय शिकवायचं. मशीनला शिकवायचं."

तीन आठवडे तू सगळं उलटंपालटं केलंस. नवी नोंद आधी बाजूला पूर्ण लिहायची, ती नीट उतरली आहे याची खात्री करायची, आणि मगच जुनीच्या जागी ठेवायची. कुठल्याही क्षणी करंट गेला तरी एकतर जुनं शाबूत, नाहीतर नवं शाबूत. अर्धं काही नाही. आणि मग तू गाळ्यात ती रीत पाडलीस. दाराजवळ एक मेन स्विच लावलास, पेटी चालू ठेवलीस, आणि जो कोणी येईल त्यानं वाटेल तेव्हा एकदा तो ओढायचा. चहावाला, पोस्टमन, लेथवाला, कुणीही. वीजमंडळाचा माणूस बिल द्यायला आला, त्यालाही तू सोडला नाहीस. लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा सगळं कोल्हापूर शिव्या देत होतं आणि तू टाळ्या वाजवत होतास, फुकटात परीक्षा होतीय म्हणून. पुढं आपण कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शेड घेतलं. माझ्या आईला वाटलं आपण हॉटेलात गेलो. तिथं चहाची टपरीसुद्धा लांब होती, पण पहिल्या दिवशी पहिला खिळा तू त्या स्विचसाठीच ठोकलास.

तरी मी बंद करायची कमांड काढू दिली नाही. जगातल्या प्रत्येक यंत्राला नीट बंद करायची सोय असते, आपल्यालाच नको म्हणजे काय, लोक काय म्हणतील. तू म्हणालास, ठेवतो, पाटलीणबाईंचा मान. इतक्या वर्षांत एकाही गावात एकाही माणसानं ती वापरली नाही. हे मला ठाऊक होतं. मी हटून बसले होते, दुसरं काही नाही.

आता खरं बोलते. जागेचं तुझं निमित्त आहे, हे मला त्या दिवशी कळलं होतं. जोतिबाच्या पायथ्याच्या गावात पेटी बसवून आपण एसटीची वाट बघत होतो. डोंगरावरून येणारी माणसं गुलालानं माखलेली, आणि आपण दोघं कोरडे, वडापाव खात बसलेलो. मी पुन्हा नावाचं काढलं. तू या वेळी बोटं मोजली नाहीस.

तू सांगितलंस, लहानपणी आक्का दूध घेऊन जायची तेव्हा तिची किटली सगळ्यांत शेवटी घ्यायचे. कितीही आधी गेली तरी शेवटी. माप घेणारा नाव पुकारायचा आणि पुढची माणसं बाजूला व्हायची, अंग चोरून. वाट दिल्यासारखं वाटायचं, पण वाट देत नव्हते ते. तू तिचा पदर धरून उभा असायचास. "नंबर पुकारला की कोण बाजूला हुत न्हाय," तू म्हणालास. "दोनशे बारा म्हटलं की दोनशे बारा. म्हणून माझ्या मशीनमधी नाव नको. कुणाचंच."

एसटी आली आणि आपण चढलो. जिची जीभ रिकामी कधी बसत नाही, ती कोल्हापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. तू समजलास, मला वाईट वाटलं. वाईट वाटलंच, पण गप्प बसायचं कारण ते नव्हतं. सुमेध, जयसिंगपूरजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेचे चेअरमन माझे बाबा होते. आमच्याही रांगेत शेवटची किटली कुणाची असायची, हे मी बाबांच्या मांडीवर बसून बघितलंय. रोज बघितलं, आणि मला ते सकाळ होण्याइतकं साधं वाटायचं. हे तुला सांगायचं होतं. नऊ वर्षं रोज तुझ्यासमोर बसून सांगितलं नाही. लाज वाटत होती. आणि तू ऐकून हसून सोडून दिलं असतंस, त्याची जास्त भीती वाटत होती. आज सांगितलं. तू असताना सांगायला पाहिजे होतं.

तू गेल्यावर बाराव्या दिवशी मी तुझा कॉम्प्युटर उघडला. विळीची शेवटची आवृत्ती बघितली. शिल्लक, अकरा बाईट. इतकी वर्षं तेच! मग मी माझी ती बंद करायची कमांड शोधली. तिच्या डोक्यावर तू एक टीप लिहून ठेवली होतीस. टीप चिपेत जात नाही, जागा खात नाही, ती फक्त कोड वाचणाऱ्या माणसासाठी असते. लिहिलं होतंस: 'हे कुणी वापरत न्हाय. शरयूनं सांगितलंय म्हणून ठेवलंय. काढू नये.'

त्या दिवशी मी रडले. शेडमधल्या सगळ्यांसमोर, मोठ्यानं. स्वतःच्या बापाच्या नावाला जागा नाही म्हणणारा माणूस, माझ्या हट्टाला तीनशे बाईट देऊन बसला होता.

रडून झाल्यावर मी तुझं नाव घालायचं ठरवलं. पण तुझ्या त्या एसटी स्टॉपवरच्या शब्दाबाहेर मला एकटीनं जाता येत नव्हतं. म्हणून तुझ्या गावी गेले, आक्काकडं. सगळं सांगितलं. तू नाव नको का म्हणायचास, तेही सांगितलं. बाबांचंही सांगितलं. आक्का शेंगा फोडत होती. तिनं हात थांबवला नाही. मग म्हणाली, त्याला म्हाईत न्हाय, मी त्या रांगंत रोज मुद्दाम सगळ्यांच्या आधी जाऊन हुबारायची. शेवटी घेतील म्हाईत हुतं, तरीबी आधी जायची. पोराला दिसाय पायजे म्हणून.

आणि मग माझ्या हातावर शेंगदाणे ठेवत म्हणाली, "नंबर म्हशीला हाय. पोराचं नाव मी ठेवलंय. घाल."

मी तुझी टीप मोडली. बंद करायची कमांड काढून टाकली आणि त्या जागेत तुझं नाव घातलं. एकोणीस बाईट, बापासकट. उरलेली जागा मोकळी ठेवलीय, तुला सहन होणार नाही, माहीत आहे. नवी आवृत्ती इंटरनेटवर टाकली. त्या नदीवाल्यालाही कळवलं की आभार कुणाचे मानायचे. आता सर्व्हिसिंगला गेलं की एकेका गावातल्या पेटीत ती जाईल. शंभराच्या वर गावं आहेत, वेळ लागेल, पण जाईल.

पहिली तुझ्या गावातल्या संस्थेत घातली, काल सकाळी. रांग लागायला सुरुवात झाली होती. सचिवांनी पाच मिनिटं दिली. केबल लावली, आवृत्ती चढवली, आणि मग आपल्या रीतीनं परीक्षा. स्विच ओढायचा मान आक्काला दिला. तिनं पदर खोचला, हात वर केला आणि मेन ओढला. पेटी विझली. तिनं मेन चालू केला. छोट्या पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं आली. आक्काला ती वाचता येत नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी माझ्या नेहमीच्या भसाड्या आवाजात, रांगेच्या शेवटाला ऐकू जाईल असं वाचलं.

"सुमेध बापू कांबळे."

कुणी बाजूला झालं नाही, सुमेध. उलट पुढची चार माणसं किटल्या खाली ठेवून बघायला आत आली, आणि मागची त्यांच्या खांद्यावरून वाकली. तेवढ्यात दोन सेकंद संपले, नाव गेलं, आणि पेटी नंबर विचारायला लागली. आक्कानं पुन्हा मेन ओढला. पुन्हा चालू केला. पुन्हा नाव आलं, पुन्हा मी वाचलं. तिनं तिसऱ्यांदा ओढला तेव्हा सचिव काकुळतीला आले, म्हणाले, आक्का, बास की आता, लोकांचं दूध नासंल.

आयुष्यभर एक थेंब दूध वाया न घालवलेली तुझी आई स्विचवरचा हात न काढता म्हणाली, "एक दिस नासू दे," आणि तिनं मेन चालू केला.